शेवटचा नंबर

मला राग लवकर येतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न होऊन खोडदला आले त्याच वर्षी एका भाजीवाल्याच्या तराजूखाली चिकटवलेला लोहचुंबक मी भर बाजारात ओढून काढला होता. तेव्हापासून माणसं माझ्याशी जरा जपूनच बोलतात. पण ते राग तासाभराचे असायचे. दोन हजार सहा सालच्या डिसेंबरात जो आला तो अजून उतरलेला नाही. त्यातला थोडा माझा माझ्यावरच आहे, तेही सांगते.

आमची बारा जणींची भिशी होती. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारची जेवणं उरकली की सगळ्या माझ्या ओट्यावर जमायच्या. प्रत्येकीनं पाचशे रुपये डब्यात टाकायचे. डबा म्हणजे वनस्पती तुपाचा जुना पिवळा डबा, सासूच्या वेळचा. सहा हजार झाले की जिचा नंबर असेल तिच्या पदरात सगळे ओतायचे. मग डबा उपडा करायचा आणि त्याच्या बुडावर तीन थापा मारायच्या. आत एक रुपयाही राहिला नाही, हे बाराही जणींनी आपापल्या डोळ्यांनी बघायचं. दहा रुपये जरी मागं राहिले, तरी ते कुणाचे यावरून बायका वर्षभर एकमेकींकडं वाकड्या नजरेनं बघतात, असं सासूचं म्हणणं. डबा रिकामा वाजला की सगळ्या निर्धास्त होऊन चहा घ्यायच्या.

नंबर चिठ्ठ्या टाकून निघायचे. फक्त बाराव्या नंबराची चिठ्ठी आम्ही कधी केली नाही. तो साळूआत्याचा.

साळूआत्या म्हणजे साळुबाई, माझ्या सासऱ्यांची चुलत बहीण. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन शिरूरकडं. एकटी बाई, दुसऱ्यांच्या टोमॅटोत वाकून वाकून गुडघे गेलेले. ती दर वर्षी शेवटचा नंबर मागून घ्यायची. बाकीच्या बायकांना पहिला, दुसरा हवा असायचा, कारण गरज कुणाला नसते? आधी नंबर घेतलेली बाई पुढं सगळे हप्ते भरील का नाही, याची धास्ती शेवटच्या नंबरवालीला. साळूआत्याला ती धास्ती नव्हती.

"तुमी समद्या पळून का जानार हाय? आन् गेलाच तर कुटवर जाल," म्हणायची. "माजं ऱ्हाऊ द्या मागं. आदी हातात आलं की खर्चून जातंय."

शेवटच्या नंबरावर तिनं एका वर्षी घरावर पत्रे टाकले, एका वर्षी मुलीच्या बाळंतपणाचं उरकलं. आणि दोन हजार सहासाठी तिनं शेवयाचं मशीन ठरवलं होतं. मोटरवर चालणारं. अवसरी बुद्रुकच्या रामदास नावाच्या माणसाकडं होतं, बायकोला झेपेना म्हणून तो काढत होता. अकरा हजार सांगितले. साळूआत्यानं दिवाळीत साठवणीतले पाच हजार इसार म्हणून दिले आणि उरलेले सहा भिशीचा नंबर लागला की देते म्हणाली. रामदासनं एकच अट घातली, अमावास्येच्या आत व्यवहार पुरा करायचा. पौष लागल्यावर असल्या वस्तूची देवघेव तो करणार नव्हता. नाही जमलं तर इसार गेला. इसाराची रीत सगळीकडं तशीच असते, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मशीन यायच्या आधीच तिनं पडवीत सिमेंटचा चौथरा करून घेतला. शेवया वाळत घालायला बांबूच्या काठ्या तासून भिंतीला लावून ठेवल्या. येईल त्या बाईला सांगायची, "फाल्गुनात गहू माज्याकडंच आना गं. किलोला सा रुपये घीन. बसून करायचं काम हाय, आता माज्यानं वाकवत न्हाई."

बसून करायचं काम. एवढंच मागणं होतं तिचं.

आता बँकेचं सांगते. त्या वर्षाच्या सुरुवातीला नारायणगावात एका खासगी बँकेची नवी शाखा निघाली होती. काचेचं दार, आत थंड हवा, बसायला निळ्या खुर्च्या. तिथं आमच्याच गल्लीतली समृद्धी लागली, गोरखभाऊंची मुलगी, बी.कॉम. झालेली. पगार कमी आणि नोकरी कच्ची. तीन महिन्यांत तीस खाती आणली तर पक्की करतो म्हणाले होते. ती घरोघर फॉर्म घेऊन हिंडत होती. माझ्याकडं आली तेव्हा तिची पंचवीस झाली होती.

"वहिनी, भिशीचं खातं काढा ना," म्हणाली. "किती दिवस डब्यात ठेवणार? चेकबुक मिळंल. लिखापढी राहील."

आपल्या गल्लीतली पोर बँकेत खुर्चीवर बसते याचं आम्हाला कौतुक होतं. तिचं पक्कं व्हावं म्हणून बायका लगेच तयार झाल्या. आणि खरं सांगायचं तर मला चेकबुकाची हौस होती. मी दहावी पास. उभ्या आयुष्यात माझ्या सहीला किंमत आली नव्हती, ती येणार होती. चार पानांचा बारीक इंग्रजी फॉर्म समृद्धीनं भरला, मी, झुंबरकाकीनं आणि आणखी एकीनं सह्या केल्या. फॉर्मात काय लिहिलंय हे मी विचारलं नाही. समृद्धीनं एवढं म्हटलं की, "जमलं तर थोडे पैसे शिल्लक राहू द्या खात्यात." जमलं तर, असं म्हणाली. आणि ते जमण्यासारखं नव्हतंच, कारण भिशीत शिल्लक म्हणून काही नसतंच. सहा हजार येतात, सहा हजार जातात.

तर आम्ही डब्याची रीत बँकेत नेली. शुक्रवारी डब्यात पैसे गोळा करायचे, शनिवारी बाजाराच्या दिवशी मी नारायणगावला जाऊन भरायचे, आणि नंबरवाल्या बाईला पूर्ण सहा हजारांचा चेक फाडून द्यायचा. ती त्याच दिवशी खिडकीवर वटवून रोख घ्यायची. खातं रिकामं. आम्ही खूश. डबा उपडा करावा तसं आम्ही दर महिन्याला ते खातं उपडं करत होतो आणि प्रामाणिकपणे वागतोय अशा समजुतीत घरी येत होतो.

जुलैत बँकेचा कागद पोस्टानं आला. सगळं इंग्रजी, आकडे तेवढे मला कळले. शेवटच्या ओळीत होतं एक हजार सहाशे पंच्याऐंशी. पुढं दोन बारीक अक्षरं होती, तिकडं कोण बघतं? मला वाटलं, ही शिल्लक. आपण तर सगळे काढतो, मग हे कुठले? पुढच्या शुक्रवारी ओट्यावर मीच छाती फुगवून सांगितलं, "बँकेनं याज दिलंय. सोळाशे पंच्याऐंशी."

झुंबरकाकी, आमच्यातली सगळ्यात तिखट जिभेची, ती तेवढी म्हणाली, "म्हंजी डबा रिकामा न्हाई झाला. कुनाचं हे?"

"समद्यांचं. शेवटच्या नंबराला काढू आन् जीप करून जेजुरीला जाऊ," मी म्हटलं.

ऑक्टोबरात कागद आला त्यावर तीन हजार तीनशे सत्तर. बायकांनी जेजुरीबरोबर मोरगावही ठरवून टाकलं. कुणी नवं लुगडं काढून ठेवलं, कुणी डोंगर चढायला चपला घेतल्या. माझ्या एका अडाणीपणावर बारा बायका नटून बसल्या होत्या. आठवलं की आजही कानशिलं तापतात.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी साळूआत्याचा नंबर लागला. ती आंघोळ करून, कुंकवाच्या जागी बुक्का लावून आली होती. म्हणाली, "पोरी, मला नगं रोख. त्या रामदासाच्या नावानंच चेक दे. माज्या हातानं नेऊन दीन त्याला." मी ठळक अक्षरात चेक लिहिला. शनिवारी मी बँकेत पैसे भरले, ती एस.टी.नं अवसरीला जाऊन चेक देऊन आली. येताना पेढे आणले. मशीन पुढच्या शुक्रवारी टेम्पोत घालून आणायचं ठरलं.

त्या शुक्रवारी टेम्पो आला नाही. मोटरसायकलवर रामदास आला. मी साळूआत्याच्या दारातच होते, चौथऱ्यावर हळदकुंकू वाहायला बोलावलं होतं तिनं. गाडी स्टँडवर न लावताच तो ओरडायला लागला.

"म्हातारे, खोटा चेक देती व्हय? बँकेतल्या मानसासमोर माजी इज्जत गेली. परत आला चेक! वर शंभर रुपये माजेच कापले. पोलिसात गेलो तर आत जाशीला, ठावं हाय का?"

साळूआत्याच्या हातात हळदीची वाटी होती. असं कधी कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. तिनं कुणाचे चार आणे ठेवले नव्हते, बोलायला जागाच दिली नव्हती कुणाला.

आवाज ऐकून बायका जमल्या. रामदासनं चेक आणि त्याला टाचलेली चिठ्ठी पुढं केली. झुंबरकाकीनं चेकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सही कुनाची ही?"

"माजी."

"पैशे भरलं व्हतं का तू?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी घरात पळत जाऊन पैसे भरल्याची पावती आणली. त्यावर बँकेचा शिक्का होता. पावती सगळ्यांच्या हातातून फिरली. एकीनं ती उजेडात धरून बघितली, नोट बघतात तशी. मला तिचं मुस्काट फोडावंसं वाटलं, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं हेही कळत होतं.

रामदास जाताना एवढं म्हणाला, "अमुशेपातुर थांबतो. रोख आना. आता कागुद नगं."

सोमवारी मी, साळूआत्या आणि झुंबरकाकी बँकेत गेलो. मी पिशवीत डबा घेतला होता. का घेतला ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. समृद्धी तिच्या टेबलामागं होती. आम्हाला बघून तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मॅनेजर पस्तिशीचा, पुण्याहून आलेला, गोड बोलणारा. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि समजावून सांगितलं. तीनतीन महिन्यांत या खात्यात सरासरी पाच हजार शिल्लक लागते. ती नव्हती, म्हणून दर तीन महिन्यांनी दंड, टॅक्स धरून आठशे बेचाळीस. पहिला दंड एप्रिलात बसला. खात्यात शून्य होतं, त्यामुळं ते उणे झालं. पुढं आम्ही सहा हजार भरले की आधी दंड वळता व्हायचा, आणि सहा हजारांच्या चेकाला पैसे कमी पडायचे.

"मग तवाच का न्हाई परत पाठवला चेक?" मी विचारलं.

"ताई, ती तर आम्ही तुम्हाला सुविधा दिली," तो म्हणाला. "कमी पडलेले पैसे बँकेनं घातले. ओव्हरड्राफ्ट. ग्राहकाची अडचण होऊ नये म्हणून."

"फुकट?"

"त्याचा चार्ज असतो. प्रत्येक वेळी टॅक्ससह दोनशे एक्क्याऐंशी."

एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. मी बोटांवर मोजले. आठ वेळा यांनी आम्हाला न विचारता उसने दिले, आणि आठ वेळा त्याचे पैसे घेतले. उसने तरी कशासाठी लागले? तर यांनीच कापलं होतं म्हणून. खिशातून काढायचं, तेच उसनं म्हणून हातावर ठेवायचं, आणि वर ठेवणावळ मागायची. आमच्याकडं असं कुणी केलं तर त्याला झाडाला बांधतात. इथं त्याला सुविधा म्हणत होते.

"आणि साळूआत्याच्या वेळंला कुटं गेली सुविधा?"

त्यानं पुन्हा कॉम्प्युटरकडं बघितलं. "ओव्हरड्राफ्टला पाच हजारांची मर्यादा आहे. हा चेक दिला असता तर चार्ज धरून खातं पाच हजार पंचावन्नांनी उणे झालं असतं. सिस्टिम आपोआप परत पाठवते. त्याचे तीनशे त्र्याण्णव लागलेत."

पंचावन्न रुपये. ज्या बाईनं सगळ्यात शेवटी घ्यायचं कबूल केलं, तिच्याच वाट्याला वर्षभराचं सगळं कापलेलं आलं. आम्हा अकरा जणींना पूर्ण पैसे मिळाले होते. ते आम्ही खर्चलेही होते. म्हणजे आम्ही तिचंच खाल्लं होतं, आणि जेजुरीला जायच्या गप्पा मारल्या होत्या त्याही तिच्याच पैशावर.

"आमाला सांगायचं तरी," झुंबरकाकी म्हणाली.

"स्टेटमेंट पाठवलंय ना आम्ही. दर तिमाहीला. आकड्यापुढे 'डीआर' असतं, म्हणजे तुमच्याकडून येणं." त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "ताई, वाचलं नाहीत का तुम्ही?"

त्या प्रश्नानं माझं डोकं फिरलं. कारण मी वाचलं होतं. मी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि त्याच्या काचेच्या टेबलावर उपडा घातला. बुडावर तीन थापा मारल्या. निळ्या खुर्च्यांवरची सगळी माणसं वळली.

"हे बगा," मी म्हटलं. "वीस वरसं असं करतोय आमी. रिकामा दिसला की आमच्यात म्हंत्यात, बाई चोख हाय. तुमच्यात रिकामं दिसलं की दंड. पाच हजार शिल्लक ठेवायचं आमी कुनाचं? बारा जनींत शिल्लक कुनाकडं असती तर भिशी कशाला घातली असती? ज्याच्याकडं हाय त्याला फुकट, आन् ज्याच्याकडं न्हाई त्याच्याकडून न्हाई म्हनून घेता? उगडा तुमचा डबा. करा उपडा माज्यासमोर, बगू दे आमचं काय काय हाय त्यात!"

"ताई, आवाज कमी करा. बाकीचे ग्राहक आहेत."

"ऐकू द्या त्यास्नी. त्यांचंबी कापलं असंल."

शिपाई दारातून आत आला. मॅनेजरनं त्याला हातानं थांबवलं. आपल्या अधिकारात एका महिन्याचे दोनशे एक्क्याऐंशी माफ करतो, तसा अर्ज द्या, असं म्हणाला. बाकीचं पुण्याहून ठरतं. आणि खातं बंद करायचं असेल तर त्याचेही पाचशे आणि वर टॅक्स लागेल. मी हसले. मला रडू येत होतं, पण त्या माणसापुढं रडायचं नव्हतं, म्हणून हसले. अर्ज नको म्हटलं. खातं बंद करा.

सहा हजार भरले होते. हातात दोनशे बहात्तर रुपये आले.

आम्ही बाहेर पायरीवर आलो तशी समृद्धी मागून आली. डोळे लाल झालेले.

"वहिनी, मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तुम्हाला नीट सांगितलं असतं तर तुम्ही खातं काढलंच नसतं. मग माझी नोकरी गेली असती."

खरंच बोलली ती. खोटं बोलली असती तर मला शिव्या देता आल्या असत्या. "पक्की झाली का नोकरी?" मी विचारलं. तिनं मान हलवली. जूनपासून पक्की होती ती.  साळूआत्यानं समृद्धीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "चल, यश्टी जाईल." मला त्या हाताचाही राग आला.

संध्याकाळी ओट्यावर बायका बोलावल्या. सगळं सांगितलं, माझ्या व्याजाच्या फुशारकीसकट. सहा हजार पुन्हा गोळा करायचे आणि साळूआत्याला द्यायचे, हातातले दोनशे बहात्तर वजा करून अकरा जणींवर प्रत्येकी पाचशे वीसच्या वर येत होते. घरात असते तर मीच दिले असते. पण आमचा टोमॅटो अजून लागायचा होता आणि सोपानराव, आमचे मालक, ठिबकचे पैसे देऊन मोकळे झाले होते. मी माझे लगेच टाकले. दोघीतिघींनी दुसऱ्या दिवशी आणून दिले. बाकीच्यांचं सुरू झालं. एकीचा नवरा म्हणाला, आपल्याला आपले पूर्ण मिळाले, आता पुन्हा कशाचे? एकीनं विचारलं, बँकेचा दंड आपण का भरायचा? बरोबरच होता प्रश्न. मी रोज संध्याकाळी दारं हिंडत होते. पन्नास-शंभरांनी पैसे येत होते.

सगळ्यात शेवटी झुंबरकाकी आली, नवव्या दिवशी. तिनं कोंबड्या विकल्या होत्या. पैसे डब्यात टाकताना माझ्याकडं बघून म्हणाली, "तुज्यासाटी न्हाई देत. तिच्यासाटी देती."

अमावास्येला एक दिवस राहिला होता. मी आणि साळूआत्या डबा पिशवीत घालून अवसरीला गेलो. मंचरपासून चालतच निघालो, गुडघ्यांनी ती दर फर्लांगावर थांबत होती. रामदासच्या पडवीत गेलो तर भिंतीशी चार बोल्ट उभे होते आणि मधे तेलाचा काळा डाग. मशीन नव्हतं.

"काल गेलं," रामदास म्हणाला. आज ओरडत नव्हता, उलट त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. "आने गावचं गिऱ्हाईक आलं रोख घिऊन. साडेबारा दिलं. थांबलो असतो ओ, पन एकदा चेक परत आल्यावर मानसानं भरवसा कशावर ठिवायचा?"

"अमुशा उद्या हाय," मी म्हटलं. "शबुद दिलाता तुमी."

"तुमीबी चेक दिलता."

मी इसाराचं विचारलं. तो म्हणाला, "इसार परत द्यायची रीत न्हाई. तुमालाबी ठावं हाय." मग बायकोला चहा टाकायला सांगितला. मी बोलायला तोंड उघडलं, पण साळूआत्यानं माझा दंड धरला. ती त्या काळ्या डागाकडं बघत होती. चहा न घेता आम्ही निघालो.

येताना एस.टी.त ती डब्यातले सहा हजार पदरात बांधून खिडकीशी बसली. खोडदच्या फाट्याला रेडिओ-दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसायला लागल्या तेव्हा म्हणाली, "त्या काठ्या सोपानला ने म्हनावं. टोमॅटोला व्हतील."

मी काठ्या नेल्या नाहीत. तिनंच एका सकाळी त्या आमच्या मळ्यात नेऊन टाकल्या, आणि त्याच मळ्यात बांधणीला येऊ का म्हणून विचारलं. सत्तर रुपये रोज. मी नको म्हटलं असतं तर दुसऱ्याकडं गेली असती. आली. दिवसभर वाकून सुतळी बांधत होती, तिच्याच हातानं तासलेल्या काठ्यांना.

जानेवारीचा पहिला शुक्रवार आला. मला वाटलं होतं कुणी येणार नाही. नऊ जणी आल्या. चेकबुकाची उरलेली पानं मी चुलीत घातली होती, डबा घासून मधे ठेवला होता. चिठ्ठ्या करायला घेतल्या. नऊ जणी, नऊ नंबर. सवयीनं आठच चिठ्ठ्या केल्या आणि शेवटचा नंबर बाजूला ठेवला.

साळूआत्या भिंतीला टेकून बसली होती. पाचशे रुपये तिच्या मुठीत होते. दर वर्षी ती आल्या आल्या पैसे डब्यात टाकायची आणि चहाचं बघायला माझ्या चुलीकडं जायची. त्या दिवशी तिनं आधी डबा स्वतःकडं ओढला, आत वाकून बघितलं, उपडा करून बुडावर थापा मारल्या. डबा रिकामाच होता. 

मग तिनं पैसे आत टाकले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोरी, आवंदा पैला नंबर मला दे."

मी शेवटच्या नंबराची चिठ्ठी केली, पहिल्याची बाजूला काढली, आणि त्या दिवशी जमलेले साडेचार हजार तिच्या पदरात ओतले. तिनं ते तिथंच बसून दोनदा मोजले.